आडनावापुरतं उरलेलं गाव

माझ्या माहेरच्या आडनावात एक गाव आहे. पूर्वी ते धरमतरच्या खाडीला लागून, बांधाच्या आत होतं. आता ते आडनावातच आहे. नाव मी इथे लिहिणार नाही. ते लिहिलं की माझ्या भावाचं आडनावही लिहिल्यासारखं होईल, आणि त्या आडनावाचा जेवढा मान त्याला मिळायचा होता तेवढा मिळून झालेला आहे.

अर्थ मात्र सांगते. आमच्याकडे भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मध्ये मातीचा लांबच लांब बांध. त्या बांधाला भगदाड पडलं की त्याला म्हणायचं खांड. बांध फुटला असं कोणी म्हणत नाही, खांड गेली असं म्हणतात. गावाच्या नावाचा पुढचा अर्धा भाग म्हणजे ही खांड आणि मागचा म्हणजे वस्ती. भगदाडापाशी वसलेलं गाव. त्याला 'कर' लावलं की झालं आमचं आडनाव. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पोरांना शब्द फोडून अर्थ सांगायची सवय लावली. आमचं आडनाव फोडलं की हातात चिखल येतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या गावात राहणाऱ्या बाकी कोणाचंच आडनाव गावावरून नव्हतं. कसं असेल? गावातच राहणाऱ्याला, मी या गावचा, असं कोणाला सांगायची वेळच येत नाही. ते सांगावं लागतं गाव सोडून गेलेल्याला. आमचा एक पूर्वज, ज्याला घरात सगळे थोरला बाबा म्हणायचे, उरणच्या मिठागरावर कामाला गेला. तिथल्या मुकादमाने विचारलं, कुठला रे तू? याने गावाचं नाव सांगितलं. मुकादमाने पुढे 'कर' चिकटवलं आणि मीठ ओढायला लावलं. म्हणजे आमच्या आडनावाचा खरा अर्थ इतकाच की हा माणूस इथून निघून गेला होता. पण आमच्या घरात ते आडनाव असं मिरवायचे की गाव आमच्या नावावर लिहून दिलंय.

मिरवायला कारण होतं. बांधाला खांड गेली की ती बुजवायला सगळं गाव जमायचं, घरटी सगळी धडधाकट माणसं, आणि पहिली टोपली आमच्या घरच्या पुरुषाने टाकायची. त्याशिवाय कोणी चिखलाला हात लावायचा नाही. हा आमचा मान. गावकीच्या प्रत्येक बैठकीत तो सांगितला जायचा. गावकी म्हणजे गावातल्या पंचांची बैठक, जिच्यात बायका चहा घेऊन जायच्या आणि रिकामे कप घेऊन यायच्या.

मानामागची गोष्ट बाबा रंगवून सांगायचे. थोरला बाबा उरणला असताना उधाणाच्या भरतीला मोठी खांड गेली. लोक टोपल्या टाकतायत आणि पाणी त्या खाऊन टाकतंय. त्याला निरोप गेला. तो मचव्यातून आला, तसाच खांडीत उतरला, दर्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, भरा माझ्या अवतीभवती. लोकांनी त्याच्या गळ्यापर्यंत चिखल भरला. भरती परतली, गाव वाचलं. गळ्यापर्यंत चिखलात रुतलेल्या माणसाला मग बाहेर कसं काढलं, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, मुलींनी मध्ये मध्ये बोलू नये.

बाबांच्या हातची पहिली टोपली मी खूपदा पाहिली. पावसाळ्यात लहानसहान खांडी जायच्याच. गावकीतून निरोप आला की बाबा धुतलेला बनियन घालायचे, डोक्याला रुमाल बांधायचे आणि सावकाश निघायचे. बांधावर नारळ फुटायचा. कोणीतरी टोपली भरून त्यांच्या हातात द्यायचं, ते ती खांडीत रिकामी करायचे, आणि मग बाजूला उभे राहून चहा प्यायचे. बनियनवर एक डाग नसायचा. इकडे बाकी गाव कंबरभर चिखलात. बांबूचे खुंट ठोकायचे, मध्ये पेंढ्याचे भारे दाबायचे, वर खाडीतल्या काळ्या चिखलाची ढेपळं थापायची, आणि हे सगळं पाणी ओहोटीला गेलेलं असतानाच. भरती लागायच्या आत तोंड बंद झालं तर झालं. लहान खांड हातांनी बुजते, मोठी झाली की ती हातांचं ऐकत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

पहिली टोपली बाबांची असली तरी दुसरीपासून शेवटपर्यंतच्या टोपल्यांमध्ये माझी काकी असायची. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. अंगाने काटकुळी, पण चिखलाचं ढेपळ कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काका लवकर गेले. मूलबाळ नाही. बांधाखालची आमच्या दोन्ही घरांची शेती ती एकटी कसायची. बाबा वरच्या आळीत राहायचे, काकीचं घर शेतालाच लागून होतं, बांधापासून हाकेच्या अंतरावर. उधाणाच्या दिवसांत ती रोज बांधावर फेरी मारायची. खेकड्याचं भोक दिसलं की टाचेने दाबून बुजवायची. बांध आडनावावर उभा नव्हता, तो तिच्या टाचेवर उभा होता, असं मी आज म्हणते. तेव्हा मला हे सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी ऐकायला कोणी नव्हतं.

लग्न झालं आणि मी अलिबागला आले. आडनाव बदललं. नवऱ्याच्या आडनावातही एक गाव आहे, खाली हरिहरेश्वरच्या बाजूचं. ते नवऱ्याने पाहिलेलं नाही, सासऱ्यांनीही नाही. मी अर्थातच नाही. ज्या गावचं पाणी कधी प्यायले नाही त्या गावची म्हणून मी तीस-पस्तीस वर्षं हजेरीपटावर सह्या केल्या. ज्या गावच्या विहिरीवर मी पाणी भरलं, त्या गावाचा माझ्याशी कागदोपत्री काही संबंध उरला नाही. ह्याचं वाईट वाटायला हवं हेसुद्धा मला पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं.

दादा, माझा थोरला भाऊ, पनवेलला गेला. बंदरावरच्या कंटेनरचे ट्रेलर चालवायला लागला, मग स्वतःचे घेतले. बाबा गेल्यावर मान त्याच्याकडे आला. तो गणपतीला आणि होळीला गावी यायचा. गणपती काकीच्या घरी बसायचा, कारण आई-बाबा गेल्यावर वरच्या आळीतलं घर बंद. ट्रेलरच्या पुढच्या काचेवर त्याने गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. गावाचं नाव घेऊन ते ट्रेलर गुजरातपर्यंत जायचे.

तर ती पिठोरी अमावस्या. मी नुकतीच निवृत्त झाले होते. गणपती चार दिवसांवर आला होता, काकी एकटी, म्हणून घर सारवायला आणि मखर लावायला मदत करावी म्हणून आदल्या दिवशीच गेले होते. सकाळी काकी बांधावरून धावत आली. तिला धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बाय, उठ. उघाडीचे बाजूला खांड गेली."

उघाडी म्हणजे बांधातली मोरी, लाकडी दार असलेली. शेतातलं पावसाचं पाणी त्यातून ओहोटीला बाहेर सोडतात. मी पोचले तेव्हा तिच्या शेजारी बांधाला एका दाराएवढं भगदाड होतं. दाराएवढंच. पाणी उतरलेलं होतं, खांडीच्या तळाला जेमतेम पोटरीभर. थोड्या वेळात गाव जमलं. टोपल्या आल्या, फावडी आली, पेंढा आला. पुढची भरती दुपारची होती. हाताशी सबंध सकाळ होती आणि माणसंही होती, गणपतीसाठी मुंबईहून आलेली धरून चांगली पन्नास-साठ. काकी चिखलात उतरून ढेपळं कापायला लागलीसुद्धा.

मग गावकीचे म्होरके, एक म्हातारे पंच, काठी टेकत आले आणि म्हणाले, "थांबा. मानाची टोपली पडू द्या. त्याला फोन करा."

मीच फोन केला. दादा म्हणाला, निघालोच आहे, बायको-पोरांना घेऊन, वडखळच्या अलीकडे गाड्या जरा तुंबल्यात. गणपतीच्या आधीचे दिवस. वडखळला गाड्या तुंबल्या की काय होतं ते कोकणात गणपतीला जाणाऱ्या माणसाला सांगायला नको. मी म्हटलं, "दादा, तू पंचांना सांग, टाका म्हणावं टोपली. तुझी परवानगी आहे म्हणून सांग. दाराएवढीच खांड आहे."

पलीकडे हॉर्न वाजत होते. मग तो म्हणाला, "असं कसं? आपल्या घरचा मान हाय तो. बाबांनी कधी दुसऱ्याला दिला? मी पोचतोच. थांबवून ठेव त्यांना."

मी थांबवून ठेवलं नाही. मी एक भरलेली टोपली उचलली आणि खांडीकडे चालू लागले. पंचांनी टोपलीच्या काठाला हात लावला. रागाने नाही, अगदी मायेने.

"बाय, तू आमची लेक हायस. पन तुजा मान तुजे सासरी. हितं तुजा आडनाव चालत न्हाय."

काकी चिखलातून वर आली. "मंग मी टाकते. मी त्याच घरची हाय. माजा आडनाव त त्योच हाय ना?"

"वयनी, तुमी आडनावाला लग्नानी आलाव. आनि बाईमानसाचे हातची पयली टोपली बांध धरत न्हाय."

आडनाव घेऊन जन्मलेली मी, माझं लग्नाने गेलं म्हणून चालेना. काकीचं लग्नाने आलं म्हणून चालेना. दोघींचं मिळून एक धड आडनाव होत होतं, पण ते वाहतुकीत अडकलेल्या एका माणसाकडे होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका राग आला की टोपली हातातून सुटली. ती बांधाच्या आतल्या अंगाला पडली, तिथे तिचा काही उपयोग नव्हता.

"पानी बगल का वाट तुमचे मानाची?" काकी म्हणाली. पंच बांधावर उकिडवे बसले. त्यांच्या मागे बाकीचे बसले. काही जणांना हे पटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. मुंबईहून आलेला एक जण म्हणालाही की आपण निदान खुंट ठोकून ठेवू. पंच म्हणाले, आधी टोपली, मग खुंट. बसलेल्या माणसाला उठवणं फार कठीण असतं, विशेषतः तो मानासाठी बसलेला असला तर. मी पुन्हा फोन केला. दादा म्हणाला, पेण सोडलं. आणखी एकदा केला. तो अजून वडखळलाच होता.

काकी एकटी ढेपळं कापून बांधावर रचत राहिली. कोणी टाकू दिलं नाही तरी कापून ठेवायला बंदी नव्हती. ढीग तिच्या छातीपर्यंत आला. मीही जमेल तसं कापत होते. मध्ये एकदा ती थांबली आणि शेताकडे बघत राहिली. भात पोटरीला आलेला होता, हिरवागार. मग ती पुन्हा वाकली.

दुपारी भरती आली. ढीग आधी गेला. दाराची दोन दारं झाली, मग बैलगाडी जाईल एवढी वाट झाली. पाणी शेतात शिरताना आवाज करत नाही, नुसतं भाताच्या बुडाशी चमकायला लागतं.

दादा संध्याकाळी आला. ओहोटी होती. त्याने पांढरे बूट काढले, पँट दुमडली. नारळ फुटला. पंचांनी टोपली दिली, त्याने ती टाकली, त्याच्या मुलीने मोबाईलवर फोटो काढला. सगळे लगोलग कामाला लागले. सगळं गाव अंधार पडेपर्यंत राबलं, हे मला सांगितलं पाहिजे. मनापासून राबलं. पण खांड आता हातांचं ऐकणारी राहिली नव्हती. रात्रीच्या भरतीने खुंटांसकट सगळं नेलं. दुसऱ्या दिवशी उधाण आणखी मोठं. माती काढायचं यंत्र मागवलं, ते ओल्या बांधावर चढेना, अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलं. गणपती काकीच्या घरी बसला तेव्हा पडवीच्या पायरीला पाणी होतं. आरतीला दादाचाच आवाज सगळ्यात मोठा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. खारं पाणी एकदा शेतात मुरलं की पुढची काही वर्षं तिथे भात होत नाही, आणि खांड उघडी राहिली तर कधीच होत नाही. दुसऱ्या वर्षी बांधाला आणखी खांडी गेल्या. शेतात तिवरं उगवली, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारी ती झुडपं. तिवरं आली की सरकारी कायद्याने तोडता येत नाहीत, म्हणजे जमीन खाडीची झाली. विहीर खारी झाली. माणसं उठली. कोणी पेणला, कोणी अलिबागला, कोणी थळला लेकीकडे. ती जिथे गेली तिथे लोकांनी त्यांना विचारलं, कुठले तुम्ही? त्यांनी गावाचं नाव सांगितलं. आता ज्याला त्याला ते आडनाव लावता येईल. सगळेच निघून गेलेले.

काकी सगळ्यांच्या शेवटी निघाली. आणखी एक पावसाळा ती एकटी राहिली, पावसाचं पाणी पिंपात साठवून. मग मी रिक्षा घेऊन गेले आणि तिला आणलं. तिने सोबत कपड्यांची पिशवी, देवाचा डबा आणि तिचं फावडं घेतलं. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ते फावडं बाल्कनीत उभं आहे. अमावस्या-पौर्णिमेला ती अजून बाल्कनीत जाते आणि विचारते, "भरती लागली असंल कं?" मी सांगते, लागली असेल. ती मान हलवते आणि आत येते.

एकदा अशाच अमावस्येला भाजी निवडताना ती बोलता बोलता म्हणाली, "तुजे बाबानं सांगलेली गोष्ट लबाड हाय."

तिला तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, चिखल कापता कापता दुसरीच गोष्ट सांगितली होती. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून जी मासळी मिळायची तिच्या वाट्यावरून थोरल्या बाबाचं गावाशी भांडण झालं. उधाणाला उघाडीचं दार लावायची पाळी त्याची होती. त्याने रागाने दार लावलं नाही आणि तो उरणला निघून गेला. पाणी तिथूनच शिरलं, बाजूचा बांध गेला. गावाने माणसं पाठवून त्याला आणलं आणि सांगितलं, खांड तुझ्यामुळे गेली, पहिली टोपली तू टाकायचीस. तू टाकायचीस, तुझ्या पोराने टाकायची, त्याच्या पोराने टाकायची, म्हणजे विसरणार नाहीस. मुकादमाने दिलेलं आडनावही गावाने मुद्दाम चालू ठेवलं, टोचायला. तू इथला नाहीस, इथून गेलेला आहेस, म्हणून.

"मान न्हाय ता," काकी म्हणाली. "दंड व्हता. खाली मुंडी घालून टाकायची टोपली व्हती ती. पोरांनी धुतला, नातवांनी इस्तरी केली, नि झाला मान."

काकीची गोष्ट खरी कशावरून, हे मला ठाऊक नाही. सासूने सुनेला सांगितलेली, तिने तिच्या सुनेला सांगितलेली. पण तिच्या गोष्टीत कोणाच्या गळ्यापर्यंत चिखल नाही, आणि भांडण मासळीवरून आहे, म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. मी विचारलं, "मग त्या दिवशी बांधावर का नाही सांगितलंस?"

"कोनाला? तुजे दादाला? का पंचांना?" ती पालकाचे देठ मोडत राहिली. "मी बोलत व्हते तवा ते माजे हातांकडं बगत व्हते, टोपली उचलते का काय म्हनून."

दादाला मी ही गोष्ट फोनवर सांगितली. तो म्हणाला, बायकांच्या गप्पा आहेत. त्याने कुठूनतरी तिसरी गोष्ट मिळवली होती. आमच्या गावाचं नाव म्हणे एका जुन्या संस्कृत शब्दावरून आलंय, तिथे म्हणे राजाने दिलेली जागा होती, आणि थोरला बाबा म्हणजे बांधाचा सरदार. आडनावाच्या लोकांचा एक ग्रुप त्याने मोबाईलवर काढला होता, तिथे रोज सकाळी एका ढालीचं चित्र यायचं. मी त्यातून बाहेर पडले. नाहीतरी आडनावाने मी त्यात बसतच नव्हते, मला बहीण म्हणून घेतलं होतं.

मग दादाने पनवेलच्या पुढे जागा घेतली. बंगला बांधायचा ठरला. नाव अर्थातच गावाचं. भूमिपूजनाला तो स्वतः गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. काकी यायला तयार होईल असं मला वाटलं नव्हतं, पण तिने सकाळीच ठेवणीतलं लुगडं नेसून ठेवलं होतं. जाताना वडखळला गाडी मुळीच थांबली नाही.

जागेवर मांडव होता. फाटकाच्या जागी काळ्या दगडाची पाटी आधीच आणून टेकवली होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत आमच्या गावाचं नाव. काकीला वाचता येत नाही. तिने विचारलं, काय लिवलंय? मी सांगितलं. तिने पाटीवरून हात फिरवला, बोट अक्षरांच्या खाचांत घातलं आणि काढून घेतलं. मग खुर्चीवर जाऊन बसली.

पूजा झाली. माणसं बरीच होती, आडनावाचीही होती, पंचही आले होते. फार थकले होते, कोणीतरी धरून आणलं होतं. दादाने माईक घेतला. खांड, मचवा, उघड्या छातीने उभा राहिलेला थोरला बाबा, सगळं सांगितलं. चिखल आता गळ्यापर्यंत नव्हता, डोक्यावरून गेला होता. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याला ते सगळं दिसत होतं.

"आमच्या घरात पहिल्या टोपलीचा मान असतो," तो म्हणाला. "आज तो मान मी आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतोय. माझी काकी."

टाळ्या वाजल्या. त्याच्या मुलीने मोबाईल वर धरला. गवंड्याने पायाच्या खड्ड्यापाशी खडी-सिमेंटची एक टोपली आणून ठेवली, तिला झेंडूची माळ गुंडाळलेली. भटजी म्हणाले, चला, मुहूर्त जाईल.

काकी उठली नाही. तिने एकदा पंचांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग तिने दादाकडे पाहिलं.

"मना कुठं जमतंय?" ती म्हणाली. "बाईमानसाचे हातची टोपली धरत न्हाय. मी आडनावाला लग्नानी आलेली. ज्याचा मान हाय त्याला येऊ दे. आमी थांबताव."

"अगं काकी, असं काय करतेस? तूच तर आता घरातली मोठी."

"तवा पन मीच मोठी व्हते."

माईक चालूच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दादा टोपलीपाशी उभा राहिला. भटजींनी घड्याळ पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. दादाने टोपली उचलली नाही आणि दुसऱ्या कोणाला उचल म्हणून सांगितलंही नाही. मुलीने मोबाईल हळूच खाली घेतला. इतकी माणसं, आणि कोणी जागचं हललं नाही. काकी हात मांडीवर ठेवून बसून होती, बांधावर त्या दिवशी बाकीचे बसले होते तशी. तिला कसलीही घाई नव्हती. मुहूर्त गेला तेव्हा भटजी काहीतरी पुटपुटले. मग काकीने पदर सारखा केला आणि मला म्हणाली,

"चल बाय. रिक्षा बग."